पाटील मास्तर ते कर्मवीर : ज्ञानदानाची एक जीवनयात्रा

जैन शास्त्रांनी श्रावकाला चार दाने सांगितली आहेत. आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान. यांपैकी पहिली दोन दाने समाजात पूर्वापार चालत आलेली आहेत. भुकेल्याला अन्न द्यावे, आजाऱ्याला औषध द्यावे, हे कोणाला शिकवावे लागत नाही. ज्ञानदान मात्र कठीण. त्याचे फळ दात्याच्या डोळ्यांसमोर येईलच असे नाही. अभयदान तर त्याहूनही कठीण, कारण ज्याला पिढ्यान्‌पिढ्या भीतीचीच सवय झाली आहे, त्याच्या मनातील भीती काढण्यासाठी दात्याला आधी स्वतः निर्भय व्हावे लागते. ही चारही दाने एकाच आयुष्यात, एकाच छपराखाली ज्यांनी करून दाखविली, असे आपल्या समाजात जन्मलेले एक थोर पुरुष म्हणजे कर्मवीर भाऊराव पायगोंडा पाटील.

आज महाराष्ट्र त्यांना रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक म्हणून ओळखतो. परंतु संस्था, महाविद्यालये, पदव्या हे सर्व पुढचे. त्यापूर्वी ते साताऱ्याच्या गल्लीबोळांत घरोघरी जाऊन मुलांना शिकविणारे साधे पाटील मास्तर होते. या मास्तरांना शिकविण्याची ओढ कशामुळे लागली, आणि शिकवणी संपवून दाराबाहेर पडल्यावर त्यांनी काय केले, हे समजून घेतले तर त्यांच्या कार्याचे मर्म सापडते.

जन्म आणि संस्कार

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज या गावी झाला. बाहुबलीच्या डोंगराच्या सान्निध्यातील हे गाव जैन समाजाला अपरिचित नाही. घराणे दिगंबर जैन, मूळ गाव वाळवे तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक. वडील पायगोंडा सरकारी नोकरीत होते. आई गंगाबाई धर्मपरायण होत्या. वडिलांच्या बदल्यांमुळे भाऊरावांचे बालपण एका गावी स्थिर झाले नाही. विटे, दहिवडी अशा गावांतून त्यांचे प्राथमिक शिक्षण झाले.

फिरत्या बालपणाचा एक लाभ असा झाला की, निरनिराळ्या गावांतील माणसे आणि त्यांची दुःखे त्यांना लहानपणीच दिसली. गावच्या विहिरीवर अस्पृश्यांना पाणी भरू दिले जात नाही, तहानलेली माणसे दुसऱ्याने कृपेने पाणी ओतावे म्हणून ताटकळत उभी राहतात, हे पाहून या मुलाने रागाच्या भरात विहिरीचा रहाटच मोडून टाकल्याची हकिकत त्यांच्या सर्व चरित्रांतून आढळते. मुलाचा तो राग होता, विचार नव्हता. पण पुढे जो विचार झाला त्याचे बीज या रागातच होते. गाळलेले पाणी पिणाऱ्या घरात वाढलेल्या मुलाला, पाण्यातील सूक्ष्म जीवांची दया करणारा समाज तहानलेल्या माणसाची दया का करीत नाही, हा प्रश्न पडला असल्यास त्यात नवल नाही.

कोल्हापूरचे दिवस

पुढील शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापूरला राजाराम हायस्कूलमध्ये दाखल झाले आणि दिगंबर जैन बोर्डिंगमध्ये राहू लागले. दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना १८९९ मध्ये झाली होती, आणि आपल्या समाजातील मुले शिकावीत या कळकळीने त्या पिढीतील धुरीणांनी वसतिगृहांचे कार्य हाती घेतले होते. या बोर्डिंगची व्यवस्था आण्णासाहेब लठ्ठे यांच्यासारख्या विद्वान आणि सुधारणावादी गृहस्थांच्या देखरेखीखाली होती. तेच लठ्ठे पुढे कोल्हापूर संस्थानचे दिवाण आणि १९३७ मध्ये मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले.

भाऊराव अभ्यासापेक्षा तालमीत आणि पोहण्यात अधिक रमत. शरीर धिप्पाड, आवाज मोठा, स्वभाव मोडेन पण वाकणार नाही असा. बोर्डिंगच्या आचारनियमांशी त्यांचे वारंवार खटके उडत. १९०८ मध्ये राजर्षी शाहू महाराजांच्या पाठबळाने कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क होस्टेल सुरू झाले. त्या समारंभास भाऊराव उपस्थित राहिले. परत आल्यावर स्नान करून शुद्ध झाल्याशिवाय भोजनगृहात येऊ नये, असे त्यांना सांगण्यात आले. माणसाच्या शेजारी बसल्याने माणूस अशुद्ध कसा होतो, हे त्यांना पटेना. त्यांनी स्नान करण्यास नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले.

ही घटना जैन समाजाने विसरून चालणार नाही. ज्या लठ्ठे यांच्या कारकिर्दीत हे घडले ते काही जुनाट विचारांचे नव्हते. समाजातील मुले शिकावीत यासाठी त्यांनी आयुष्य वेचले. परंतु संस्था चालविणाऱ्याला दाते सांभाळावे लागतात, पालकांची मने राखावी लागतात, रूढीला एकदम धक्का देता येत नाही. लठ्ठे यांच्या बाजूलाही त्यांची अडचण होती. अनेकान्ताची शिकवण असलेल्या समाजाने दोन्ही बाजू पाहाव्यात हेच योग्य. मात्र एवढे खरे की, त्या दिवशी जो विद्यार्थी बोर्डिंगच्या दारातून बाहेर पडला, त्याने पुढे अशी वसतिगृहे उभारली, की ज्यांच्या दारात कोणालाही जात विचारली गेली नाही.

बोर्डिंग सुटल्यावर शाहू महाराजांनी त्यांना आपल्या आश्रयाला घेतले. राजवाड्यावरील वास्तव्यात महाराजांचे विचार आणि कार्य त्यांना जवळून पाहावयास मिळाले. परीक्षेत मात्र यश आले नाही. गणितात ते मागे पडले. या विद्यार्थ्याला वरच्या वर्गात घ्यावे, असे खुद्द महाराजांनी सुचविले असता शिक्षकांनी, तो बसतो तो बाक हवा तर वर चढवितो, पण त्याला चढविता येणार नाही, अशा आशयाचे उत्तर दिल्याची आख्यायिका प्रसिद्ध आहे. भाऊराव मॅट्रिकपर्यंत पोहोचू शकले नाहीत. शाळेने नापास केलेल्या या विद्यार्थ्याने पुढे शेकडो शाळा काढल्या. मात्र त्या शिक्षकाविषयी त्यांच्या मनात कधी कटुता राहिली नाही. राजाचा शब्दही नियमापुढे न चालवू देणारा शिक्षक हा आदरणीयच असतो.

साताऱ्याचे पाटील मास्तर

शिक्षण अर्धवट राहिले होते. कुंभोजच्या पाटील घराण्यातील आदूबाई यांच्याशी विवाहही झाला होता. सासरी त्यांचे नाव लक्ष्मीबाई ठेवण्यात आले. संसार सुरू झाला पण मिळकत नव्हती. मुंबईस जाऊन हिरे-माणकांची पारख शिकण्याचा प्रयत्न त्यांनी केला. जवाहिरीचा धंदा जैन समाजाला नवा नाही, आणि त्यात स्थिरावले असते तर भाऊराव श्रीमंतही झाले असते. परंतु दगडांची पारख करण्यात त्यांचे मन रमेना. ते परत आले. कर्तासवरता मुलगा रिकामा बसलेला पाहून वडिलांनी खरमरीत शब्दांत कानउघाडणी केली. ती जिव्हारी लागून त्यांनी घर सोडले आणि सातारा गाठले.

साताऱ्यात त्यांनी शिकवण्या सुरू केल्या. इंग्रजी, संस्कृत, गणित हे विषय ते शिकवीत. ज्या गणितात स्वतः मागे पडले तेच ते आता इतरांना शिकवू लागले. एखादा विषय ज्याला सहज येतो त्यापेक्षा ज्याला तो धडपडून शिकावा लागला, तो पुष्कळदा अधिक चांगला शिकवितो, कारण विद्यार्थी कोठे अडतो हे त्याला स्वानुभवाने ठाऊक असते. अल्पावधीतच पाटील मास्तरांचे नाव साताऱ्यात झाले. मुले वाढली, प्राप्ती बऱ्यापैकी होऊ लागली. घरच्यांचा रोषही मावळला.

सामान्य माणूस येथे समाधान पावला असता. परंतु या शिकवण्यांतून एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. शिकवणीला येणारी मुले ही ज्यांच्या घरात आधीच शिक्षण आहे, किंवा जे शिकवणीचे पैसे मोजू शकतात, अशांची होती. शेतकऱ्याचे, कारागिराचे, गावकुसाबाहेरचे मूल मास्तरांच्या दारापर्यंत येतच नव्हते. ज्याला खरी गरज आहे तो येत नाही, म्हणून आपणच त्याच्याकडे गेले पाहिजे, ही खूणगाठ त्यांच्या मनाशी बांधली गेली. १९१० मध्ये सांगलीजवळील दुधगाव येथे सहकाऱ्यांच्या साहाय्याने सर्व जातींच्या मुलांसाठी विद्यार्थी आश्रम सुरू झाला, तो या विचाराचा पहिला प्रयोग होता. पुढच्या सर्व कार्याचा आराखडा या लहानशा आश्रमात दिसतो. मुले एकत्र राहतील, एकत्र जेवतील आणि गाव मूठमूठ धान्य देऊन त्यांना पोसेल.

अग्निदिव्य

१९१४ मध्ये भाऊरावांवर मोठे संकट कोसळले. कोल्हापुरात ब्रिटिश राजघराण्याच्या पुतळ्यास डांबर फासण्याचा प्रकार घडला होता. या प्रकरणात आण्णासाहेब लठ्ठे यांना गोवण्याचा प्रयत्न चालू होता. लठ्ठे यांच्याविरुद्ध साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आणले गेले. ज्यांच्या बोर्डिंगमधून बाहेर पडावे लागले त्यांच्याविरुद्ध बोलण्याची ही आयती संधी होती. सूडाची भावना असती तर एका खोट्या शब्दाने काम झाले असते. परंतु भाऊरावांनी खोटी साक्ष देण्यास साफ नकार दिला. परिणामी त्यांनाच अटक झाली. कोठडीत छळ सोसावा लागला. तो असह्य होऊन त्यांनी जीव देण्याचाही प्रयत्न केला. अखेरीस त्यांची सुटका झाली, पण सत्यापासून ते ढळले नाहीत.

सत्य हे आपल्या पंचमहाव्रतांपैकी एक. मंदिरात त्याचा उच्चार करणे सोपे. ज्याच्याशी मतभेद आहेत, त्याच्यासाठी तुरुंगात राहून ते पाळणे हे खरे व्रताचरण होय. बोर्डिंगमध्ये स्नानाला नकार देणारे भाऊराव धर्मबाह्य वागले असे ज्यांना वाटले असेल, त्यांना या प्रसंगाने उत्तर मिळाले.

नांगर विकता विकता

या प्रकरणानंतर काही वर्षे भाऊराव उद्योगक्षेत्रात होते. किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराचे विक्री-प्रतिनिधी म्हणून त्यांनी गावोगाव फिरून काम केले. ओगले काच कारखान्याशीही त्यांचा संबंध आला. पुढे साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या कारखान्याच्या उभारणीतही त्यांनी हातभार लावला. विक्रेता म्हणून ते यशस्वी होते. नवी वस्तू खपविणे म्हणजे आधी ग्राहकाचा विश्वास मिळविणे, हे व्यापारी वर्गाला सांगावयास नको. लाकडी नांगर सोडून लोखंडी नांगर घेण्यास शेतकऱ्याला तयार करणे त्या काळी सोपे नव्हते. भाऊराव शेतकऱ्याच्या बांधावर बसत, त्याच्या भाषेत बोलत, त्याची भाकरी खात.

या भटकंतीत खेड्यातील दारिद्र्याचे मूळ त्यांना प्रत्यक्ष पाहावयास मिळाले. शेतकरी कष्टाळू होता, पण कागदावर काय लिहिले आहे हे त्याला वाचता येत नव्हते. अंगठा उठविला की जमीन गेली, व्याजाचा हिशेब सावकार सांगेल तो. नवा नांगर आला तरी जोवर अक्षर येत नाही तोवर त्याच्या घरात बरकत राहणार नाही, हे उघड होते. म्हणजे शेतकऱ्याला नांगराइतकीच शाळेचीही गरज होती. महात्मा जोतीराव फुले यांनी अविद्येलाच सर्व अनर्थांचे मूळ मानले होते. सत्यशोधक विचारांच्या भाऊरावांना त्याचा प्रत्यय गावोगाव येत होता. उद्योगातून मिळणाऱ्या नफ्याचा वाटा बहुजनांच्या शिक्षणासाठी मिळावा ही त्यांची अपेक्षा होती. त्यावरून कूपर यांच्याशी मतभेद झाले आणि ते त्या व्यवसायातून बाहेर पडले. यापुढे धंदा नाही, केवळ शिक्षण, असा त्यांचा निर्धार झाला.

रयतेची संस्था

तत्पूर्वीच, ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीच्या मुहूर्तावर कराड तालुक्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली होती. नावातच हेतू स्पष्ट होता. राजाची नव्हे, एका जातीची नव्हे, ही रयतेची संस्था. १९२४ मध्ये संस्थेचे मुख्य ठाणे साताऱ्यास आले. तेथे भाऊरावांनी वसतिगृह सुरू केले. आरंभी मुलांची संख्या बोटांवर मोजण्याइतकी होती. अस्पृश्य समाजातील मुलाला त्यांनी स्वतःच्या घरी आणून आपल्या मुलांबरोबर वाढविले. पुढे धनिणीच्या बागेत वसतिगृहाचा विस्तार झाला. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन, लिंगायत, धनगर अशी सर्व मुले एका पंक्तीला बसून जेवताना पाहून गांधीजी प्रभावित झाले.

या वसतिगृहाची व्यवस्था अभ्यासण्यासारखी होती. नोकरचाकर नाहीत. मुलेच पाणी भरीत, धान्य निवडीत, भाकरी भाजीत, भांडी घाशीत, झाडलोट करीत. ज्याच्या घरून धान्य येई त्याचे सर्वांच्या कोठारात जाई, ज्याच्या घरून काहीच येत नसे त्यालाही तेवढेच वाढले जाई. शिक्षण फुकट मिळाले तर त्याची किंमत राहत नाही, आणि पैसे मागावेत तर गरीब शिकू शकत नाही. या पेचातून भाऊरावांनी श्रमाचा मार्ग काढला. पैसे नसतील तर हातांनी काम करून शिकावे. कमवा आणि शिका ही योजना आज सर्वत्र परिचित आहे, तिचे मूळ येथे आहे. दानावर जगणाऱ्या मुलाची मान खाली जाते, स्वकष्टाने शिकणाऱ्याची ताठ राहते, हे त्यामागील मानसशास्त्र होते. अभयदान यालाच म्हणावे.

लक्ष्मीबाई वहिनी

या कार्याचा विचार करताना ज्या माउलीचे नाव आधी घ्यावयास हवे त्या म्हणजे सौ. लक्ष्मीबाई. बोर्डिंगमधील मुले त्यांना वहिनी म्हणत. त्या सधन घरातून, सोवळ्याओवळ्याच्या कडक संस्कारांत वाढलेल्या होत्या. पतीने पहिल्यांदा अस्पृश्य मुलाला घरात आणले तेव्हा त्यांच्या मनाची काय अवस्था झाली असेल याची कल्पना जैन घरातील जुन्या पिढीच्या स्त्रियांना सहज येईल. भाऊरावांनी जे बंड तारुण्याच्या उमेदीत केले, ते लक्ष्मीबाईंना स्वतःच्या स्वयंपाकघरात, दररोज, चुलीपुढे बसून करावे लागले. एकदा मन वळल्यावर मात्र त्यांनी मागे पाहिले नाही. आजारी मुलांची शुश्रूषा, त्यांचे केस, त्यांचे कपडे, सणासुदीचे गोडधोड, सर्व त्यांनी आईच्या मायेने केले.

पैशाची टंचाई ही नित्याची होती. एकेक करून लक्ष्मीबाईंचे माहेरचे दागिने मोडले गेले. एके दिवशी बोर्डिंगमध्ये धान्याचा कण नव्हता, भाऊराव गावी नव्हते आणि मुले उपाशी होती. त्या दिवशी या साध्वीने गळ्यातील मंगळसूत्र काढून दिले आणि मुलांच्या जेवणाची सोय केली. सौभाग्याचे लेणे ज्या काळात प्राणापलीकडे मानले जाई, त्या काळातील ही गोष्ट आहे. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. संस्थेची भरभराट त्यांना पाहता आली नाही. त्यांच्या नावाचा उल्लेख देणगीदारांच्या यादीत करावयाचा झाल्यास तो सर्वांत वर करावा लागेल, कारण इतरांनी शिलकेतून दिले, त्यांनी सर्वस्वातून दिले.

प्राथमिक शिक्षकांचे शिल्पकार

भाऊरावांचे कार्य म्हटले की महाविद्यालयांची नावे घेतली जातात. परंतु त्यांच्या विचाराचा खरा पाया प्राथमिक शाळा हाच होता. गावोगाव शाळा काढावयाच्या तर गावोगाव जाणारे शिक्षक हवेत, आणि शहरात वाढलेला शिक्षक डोंगरातील वाडीवर टिकत नाही. म्हणून खेड्यातील मुलांनाच शिक्षक करावे, या हेतूने १९३५ मध्ये साताऱ्यात त्यांनी अध्यापक विद्यालय सुरू केले. सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज या नावाने सुरू झालेली ही संस्था पुढे महात्मा फुले अध्यापक विद्यालय म्हणून ओळखली जाऊ लागली. स्त्री-शिक्षिकांसाठी जिजामाता अध्यापिका विद्यालयही निघाले.

१९३८ मध्ये साताऱ्याजवळील यवतेश्वर येथे संस्थेची पहिली व्हॉलंटरी शाळा उघडली. मुंबई प्रांतात त्या वेळी बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ होते, आणि खासगी प्रयत्नांतून निघणाऱ्या शाळांना सरकारचे उत्तेजन होते. या शाळांना इमारती नव्हत्या. देवळाचा सभामंडप, चावडी, एखाद्याची ओसरी किंवा झाडाची सावली एवढे पुरे. एक शिक्षक, एक फळा आणि गावाची इच्छा यावर शाळा उभी राही. शिक्षकाला मिळणारे मानधन तुटपुंजे असे. त्याने गावात राहावे, रात्री प्रौढांना अक्षरओळख करून द्यावी, पत्रे वाचून दाखवावीत, व्यसनापासून लोकांना परावृत्त करावे अशी अपेक्षा असे. शाळा सुटल्यावर शिक्षकाचे काम संपत नाही, हे पाटील मास्तरांनी स्वतःच्या आयुष्यात जगून दाखविले होते. तेच त्यांनी या तरुण शिक्षकांना शिकविले. पाहता पाहता अशा शाळांची संख्या ५७८ पर्यंत गेली. ज्या वाड्यावस्त्यांवर जाण्यास धड पायवाटही नव्हती, तेथे पाढ्यांचा घोष ऐकू येऊ लागला. कालांतराने या शाळा शासनाच्या व्यवस्थेकडे सोपविण्यात आल्या. स्वतः उभारलेले दुसऱ्याच्या हाती देऊन मोकळे होणे, हा अपरिग्रहच होय.

प्राथमिक शाळेतून बाहेर पडलेल्या मुलांसाठी पुढची पायरी आवश्यक होती. पुणे कराराच्या वर्षी, १९३२ मध्ये, पुण्यास युनियन बोर्डिंग हाऊस निघाले. १९४० मध्ये साताऱ्यास महाराजा सयाजीराव हायस्कूल हे मोफत निवासी विद्यालय सुरू झाले. १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी महाविद्यालय आणि १९५४ मध्ये कऱ्हाडला सद्‌गुरू गाडगे महाराज महाविद्यालय स्थापन झाले. या वास्तूंना त्यांनी थोर पुरुषांची नावे दिली, स्वतःचे नाव दिले नाही.

अखेरचे पर्व

खादीचे जाडेभरडे कपडे, छातीवर रुळणारी पांढरी दाढी आणि भारदस्त शरीर ही अण्णांची मूर्ती ग्रामीण महाराष्ट्राला परिचयाची झाली. मुलांच्या अभ्यासात, स्वच्छतेत हयगय झालेली त्यांना खपत नसे. रागावले की भिंती हादरत, पण आजारी मुलाच्या उशाशी तेच रात्र जागवीत. महात्मा गांधींच्या हत्येनंतर त्यांच्या स्मरणार्थ १०१ माध्यमिक शाळा काढण्याचा संकल्प त्यांनी केला. परंतु स्पष्टवक्तेपणा त्यांना महागातही पडला. १९४८ च्या सुमारास सरकारशी मतभेद होऊन संस्थेचे अनुदान बंद झाले. शाळा चालवाव्यात कशा, हा प्रश्न उभा राहिला. भाऊराव झोळी घेऊन गावोगाव फिरले. ज्यांच्या मुलांना त्यांनी शिकविले होते त्या रयतेने धान्य दिले, पैसे दिले. संत गाडगे महाराजांनी मुख्यमंत्री खेर यांच्याकडे रदबदली केली आणि अनुदान पुन्हा सुरू झाले. स्वतः निरक्षर असलेला संत आणि मॅट्रिकही न झालेला शिक्षणमहर्षी यांनी मिळून महाराष्ट्रातील लक्षावधी मुलांची शाळा वाचविली, हे इतिहासातील एक विलक्षण पान आहे.

१९५९ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण किताब दिला. त्याच वर्षी पुणे विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डी.लिट. पदवी बहाल केली. त्यानंतर थोड्याच दिवसांत, ९ मे १९५९ रोजी, या कर्मयोग्याची प्राणज्योत मालवली. साताऱ्यात त्यांची समाधी आहे. २०१९ मध्ये रयत शिक्षण संस्थेने शंभर वर्षे पूर्ण केली. एखादी पेढी तीन पिढ्या टिकली तरी आपण तिचे कौतुक करतो. येथे तर भांडवल होते मूठभर धान्य, एका स्त्रीचे दागिने आणि एका मास्तराचा शब्द.

समाजाने घ्यावयाचा बोध

भाऊरावांचे जीवन जैन समाजाने केवळ अभिमानाने मिरविण्याचे नाही. ज्या वसतिगृहातून त्यांना बाहेर पडावे लागले ते जैन समाजाचे होते, आणि ज्या तत्त्वांवर ते उभे राहिले तीही जैन धर्माचीच होती. अहिंसा त्यांनी ताटापुरती न ठेवता माणसाच्या मानापर्यंत नेली. सत्य त्यांनी कोठडीत पाळले. अपरिग्रह त्यांनी संस्थेच्या कारभारात उतरविला. व्यवहारात काय चालते आणि तत्त्व काय सांगते, यांत अंतर पडले तेव्हा त्यांनी तत्त्वाची बाजू घेतली, आणि तरीही ज्यांनी व्यवहाराची बाजू घेतली त्यांच्याविरुद्ध खोटा शब्द उच्चारला नाही.

ट्रस्ट, पाठशाळा, वसतिगृहे, शिष्यवृत्त्या चालविणाऱ्या प्रत्येक संस्थेच्या कारभारात वर्षअखेरीस जमा-खर्चाचा ताळेबंद मांडला जातो. इमारत निधी किती, ठेवी किती, व्याज किती, हे त्यात येते. आपल्या दारापर्यंत न येऊ शकलेले मूल कोणते, त्याच्याकडे आपण गेलो की नाही, ही बाब त्या ताळेबंदात कोठेही दाखविली जात नाही. पाटील मास्तरांनी आयुष्यभर तेवढा एकच हिशेब ठेवला. सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी प्रत्येक विश्वस्ताने, प्रत्येक दात्याने तो हिशेब क्षणभर मनाशी मांडून पाहावा. त्यात जी तूट दिसेल ती भरून काढण्याचा संकल्प करणे, हेच त्यांचे खरे स्मरण ठरेल.

रयतेच्या या थोर शिक्षकास आणि त्यांच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या लक्ष्मीबाई वहिनींच्या पवित्र स्मृतीस विनम्र अभिवादन !